साद घालून कोल्हे मोजणाऱ्या आमच्या बाई

श्रीमती इंदुमती आरोलकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या बोरिवलीच्या जंगलात ओणव्या बसून चितळाच्या लेंड्या मोजत होत्या. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करावी की नाही, हे संपादकांना आधी विचारायला हवं होतं. पण भेट तशीच झाली, त्याला माझा इलाज नाही.

मी मुलुंडचा. रविवारी घरात पाय ठरत नसे म्हणून आमच्या बाजूने जंगलात शिरायचं आणि वाट फुटेल तसं बोरिवलीकडे उतरायचं, असा माझा उद्योग होता. खरं तर तो इतर वारीही होता, कारण कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं होतं. तर असाच उतरत असताना झाडीतून आवाज आला, "थांब! पाय उचल."

मी उचलला.

"खाली ठेवू नकोस."

"मग कुठे ठेवू?"

"जिथून आलास तिथे. तुझ्या चपलेखाली माझं चितळ आहे."

एका पायावर उभ्या उभ्या मी पाहिलं, तर जमिनीवर सुतळीने आखलेलं मोठं वर्तुळ. त्यात चार-पाच विद्यार्थी गुडघ्यांवर, आणि मधोमध पदर खोचलेल्या, जाड चष्म्याच्या एक बाई. मी माफी मागावी एवढंही भान मला नव्हतं. मी विचारलं, "हे मोजून काय करणार?" विद्यार्थी हसले. बाई हसल्या नाहीत. हातातलं काम थांबवून त्यांनी मला नीट सांगितलं. चितळं काही आपल्यासाठी रांगेत उभी राहत नाहीत. म्हणून एक जागा आखायची, ती झाडून साफ करायची, काही काळाने परत यायचं आणि तेवढ्यात तिथे किती लेंड्या पडल्या ते मोजायचं. अशा पुष्कळ जागा मोजल्या की किती चितळं चरून गेली याचा अंदाज बांधता येतो. "अंदाज," त्या पुन्हा म्हणाल्या, "खात्री नव्हे." आणि सुतळीचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होतो. घरी सांगितलं तेव्हा कुणालाही खरं वाटलं नाही.

बाई अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात हे मला त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. मूळ गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, लहानपण चाळीत. जनावरांचं वेड कुठून आलं असं विचारलं की त्या म्हणतात, "चाळीत माणसं मोजून मोजून कंटाळले." त्यांच्या हाताखाली शिकलेले पुष्कळ लोक या ग्रंथात लिहितीलच. मी त्यांचा विद्यार्थी नाही. हजेरीपटावर माझं नाव कधी नव्हतं. तरीही बाईंनी माझ्यात आणि एम.एस्सी.च्या मुलांत कधी फरक केला नाही. चुकल्यावर ओरडण्यात तर मुळीच केला नाही.

कुणी आकडा सांगितला की बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बरं, आता हा किती चुकलेला असू शकतो, ते सांग." एकदा लेण्यांकडच्या माकडांची मोजणी करून आलेला एक हुशार मुलगा छाती काढून म्हणाला, "बाई, माझा चुकलेला नाहीच." बाईंनी त्याला डब्यातली भाकरी खाऊ घातली, पाणी दिलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या वेळचा आकडा वेगळा आला. तो मुलगा आता स्वतः शिकवतो, आणि ऐकतो असं की विद्यार्थ्यांना तोच प्रश्न विचारतो.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तो प्रसंग सांगितला नाही तर माझी आई मला घरात घेणार नाही. मी रविवारीच नव्हे तर आठवडाभर जंगलात दिसू लागलो, तेव्हा आईने बाईंना निरोप पाठवला होता की माझ्या मुलाला नादी लावू नका. बाई स्वतःच आल्या, अंधेरीहून मुलुंडला, दोन बस बदलून. आईने गाऱ्हाणं मांडलं, "बाई, हा एका जागी बसतच नाही हो. शाळेतही तेच, नोकरीतही तेच."

"मला एका जागी बसणारी माणसं नकोच आहेत," बाई म्हणाल्या. "मोजणीला फिरणारीच लागतात."

आईचा चेहरा उजळला. माझं फिरणं कुणाच्या तरी कामाचं आहे हे त्या घरात प्रथमच बोललं गेलं होतं. बाईंनी ही चक्क थाप मारली होती, हे मला पुढे कळलं. मोजणी म्हणजे बहुतेक वेळ डास चावत असताना न हलता बसणं. पण तोवर मी बसायला शिकलो होतो. त्यानंतर हिवतापाने मी आजारी पडलो, तेव्हा बाईंचे यजमान आरोलकर काका यांच्या हाती रोज पेज येत होती. काका बिचारे फाटकाशीच डबा देऊन म्हणायचे, "लवकर बरा हो रे बाबा. तू नाहीस तर ती मला नेते चिखलात."

चिखल म्हणजे चारकोपचा. आता त्याच गोष्टीकडे येतो, कारण बाई काय आहेत हे मला तिथे कळलं.

कांदिवली पश्चिमेला चारकोपच्या सेक्टरांत तेव्हा घरं नुकती उभी राहत होती. घरांच्या मागे बांध, बांधापलीकडे मिठागर, आणि त्यापुढे खाडीपर्यंत तिवरांचं रान. त्या रानात कोल्हे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती आहेत हे कुणालाच नव्हतं. तिवरांत चालणं म्हणजे गुडघाभर गाळात चालणं. तिथे ना सुतळी आखता येते, ना पावलांचे ठसे टिकतात. भरती येते आणि सगळं पुसून जाते. म्हणून बाईंनी आवाजाने मोजायचं ठरवलं. तिन्हीसांजेला कोल्ह्यासारखी साद घातली की कोल्हे उत्तर देतात. किती दिशांनी, किती गळ्यांनी उत्तर आलं ते ऐकायचं आणि टिपायचं.

साद घालायला आम्हाला बाईंनी शिकवलं, त्यांच्या कॉलेजच्या गच्चीवर. सुधाकर गायकवाड नावाचा माझा दोस्त होता, दहिसरला राहणारा, बँकेत कारकून. त्याची साद इतकी झकास निघायची की बाई म्हणाल्या, "सुधाकर, बँकेत असं काही करू नकोस हं." माझी शेवटी फाटायची. बाईंची मात्र ऐकावी. खालच्या सुरात लांबलचक सुरुवात, मग चढत चढत वर, आणि शेवटी तिचे तुकडे तुकडे. कॉलेजच्या शिपायाने एकदा गच्चीचं दार बाहेरून लावून घेतलं होतं.

मोजणीच्या दिवशी आमच्या दोन तुकड्या होत्या. बाई दोन विद्यार्थ्यांसह चारकोपच्या बांधावर, टेपरेकॉर्डर घेऊन. मी आणि सुधाकर होडीने खाडीच्या पलीकडच्या अंगाला. आधी बाईंनी साद घालायची, उत्तरं टिपायची. त्या वेळी आम्ही गप्प. मग मिठागराच्या चौकीतला कंदील लागला की आमची पाळी, आणि बाई गप्प. चौकीदार रोज अंधार पडल्यावरच कंदील लावत असे, म्हणून ही खूण बाईंनी ठरवली होती. आता त्या दिवशी आभाळ भरून आलं आणि चौकीदाराने कंदील लवकर लावला. तिकडे गाळात पाय अडकल्यामुळे बाईंना बांधावर पोचायला उशीर झालेला. झालं! दोन्हीकडून एकाच वेळी सुरुवात झाली.

आम्ही साद घातली. पलीकडून उत्तर आलं. सुधाकरने माझ्या पाठीत गुद्दा घातला, "आलं रे, आलं!" आम्ही आणखी जोरात घातली, आणखी उत्तरं आली. पलीकडे बांधावरही अगदी हेच चाललं होतं. मधे खरे कोल्हेही ओरडत असणार, पण वाऱ्यात आणि पाण्यावरून येणाऱ्या आवाजात कोण कुठला हे कळायला आम्ही भानावर कुठे होतो? परत येताना होडीत उभं राहून नाचलो, आणि माझी एक चप्पल खाडीत गेली. ती नवी होती. असो.

आकडा भरघोस आला. किती, ते इथे लिहीत नाही. बाईंनी तो स्वतःच्या हाताने खोडला आहे, तो मी परत कशाला उभा करू? पण खोडण्याआधी एक गोष्ट होऊन गेली होती. तिवरांत भराव टाकायचं घाटत होतं, आणि तिथे एवढे कोल्हे आहेत हे लोकांना कळलं तर रान वाचेल, अशा आशेने बाईंनी तो आकडा उपनगरातल्या एका साप्ताहिकाच्या बातमीदाराला सांगितला. बातमी छापून आली. मथळा होता, 'चारकोपमध्ये कोल्ह्यांचा सुळसुळाट'.

ती आली त्याच आठवड्यात बाईंनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. टेपरेकॉर्डर टेबलावर होता. बाईंनी बटण दाबलं. वाऱ्याची घरघर, मग लांबून एक कोल्हा. त्याचा आवाज चढत गेला आणि शेवटी फाटला. बाईंनी बटण बंद करून माझ्याकडे पाहिलं.

"हा कोल्हा चारकोपचा नाही," त्या म्हणाल्या. "हा मुलुंडचा आहे."

आम्हाला हसू आवरेना. बाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग सुधाकरला एकदम दुसरी गोष्ट आठवली. त्याची मावशी त्याच सेक्टरात राहायची आणि तो तिच्याकडूनच आला होता. तो म्हणाला, "बाई, तिकडे भलतंच चाललंय. पेपर वाचून लोक घाबरलेत. विष आणलंय. येत्या रविवारी मटणात घालून तिवरांच्या कडेला टाकणार आहेत."

बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. नेमके तेव्हा काकांचे एक प्राध्यापक स्नेही तिथे बसलेले होते. ते समजुतीने म्हणाले, "इंदुताई, चूक झाली असं बोलू नका. लोक हसतील, पुढे तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पुढच्या वर्षी गुपचूप कमी दाखवा, म्हणजे झालं."

"पुढच्या वर्षी दाखवायला कोल्हे उरतील का?" बाईंनी विचारलं. एवढंच. मग आम्हाला म्हणाल्या, "रविवारी सकाळी लवकर या. आणि धुतलेले कपडे घाला, सभा आहे."

सेक्टरातल्या मोकळ्या प्लॉटवर माणसं जमली होती. पुढे खुर्चीवर परब. गिरणी बंद पडल्यावर आता एका कारखान्यात रखवालदारी करणारे, आवाजाचे खणखणीत, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या पायाशी त्यांची नात पिंकी बसली होती. परबांच्या कोंबड्या गेल्या होत्या, म्हणून ते सगळ्यांत तापलेले.

"बाई, माका एक सांगा. माझे कोंबडे कोनी खाल्ल्यान? तुमी खाल्लास?"

"कोल्ह्यानच खाल्ल्यान, परबांनू," बाई म्हणाल्या. "ता मी नाय म्हनत नाय."

आपली बोली ऐकून परब जरा हलले, पण मऊ पडले नाहीत. "आनि इतके कोल्हे आसत म्हनान पेपरात कोनी सांगितल्यान?"

बाई उभ्या राहिल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं. चुकीचं सांगितलं."

"चुकीचं म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे त्यातले काही कोल्हे नव्हतेच. ते आम्ही होतो."

 बाईंनी सगळं सांगितलं: दोन तुकड्या, कंदील, भरलेलं आभाळ. कंदिलाची खूण मी ठरवली, आणि आवाज नीट न ऐकता आनंद झाला तोही मलाच, असं म्हणाल्या. आमचं नाव घेतलं नाही. मागून एक जण ओरडला, "म्हणजे बाई, तुम्ही एकमेकांनाच मोजलंत? वाट लागली!" सगळा प्लॉट हसायला लागला. आणखी एक म्हणाला, "मग ते मटण यांनाच घाला ना!" सुधाकर ताडकन उठला. बाईंनी त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. "बस रे. बरोबर बोलतोय तो."

पण परब हसत नव्हते. "थापा मारतास, बाई. माणूस कोल्ह्यासारखो वराडता? कोल्हे वाचवूक बनवलेली गजाल ही."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. अठ्ठावन्न वर्षांच्या, कॉलेजातल्या ज्येष्ठ अध्यापिका. समोर त्यांना हसणारं अख्खं सेक्टर. त्यांनी चष्मा काढून परबांच्याच हातात दिला, पदर कमरेला घट्ट खोचला, तोंडाभोवती हात धरले आणि साद घातली.

मी ती गच्चीवर किती वेळा ऐकली होती. पण भर सकाळी, सिमेंटच्या घरांमधे ती ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. सेक्टरातली कुत्री एकदम उठून भुंकायला लागली. एका बाईने लेकराला उचलून घेतलं. मग शांतता, आणि त्या शांततेत पिंकीने, आजोबांच्या पायाशी बसून, तोंडाभोवती इवलेसे हात धरले आणि साद घातली. तिचं पाहून दुसऱ्या पोरांनी. दोन मिनिटांत प्लॉटवर रान उभं राहिलं.

"गप ऱ्हवा रे!" परब ओरडले, पण त्यांना हसू फुटलं होतं. "बाई, आता ह्यांका पन मोजा."

हसणं ओसरल्यावर बाई पुन्हा बोलल्या. कोल्हे थोडे असोत की फार, मटण काही फक्त कोल्हेच खात नाहीत. कुत्री खातील, मांजरं खातील, ओढून दारात आणून टाकतील. परब पिंकीकडे बघत राहिले. ती मातीतला एक खडा तोंडात घालत होती. त्यांनी तो काढून फेकला आणि हळूच म्हणाले, "ह्या हाताक लागात ता तोंडात घालता."

शेवटी ठरलं असं: विष थांबवायचं, पण मोजणी परत करायची, आणि ती सेक्टरच्या माणसांनी बाईंबरोबर उभं राहून करायची. विषाची पुडी परबांनी बाईंच्या हातात दिली. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुलपात गेली.

त्या दुसऱ्या मोजणीला बाईंनी एकच नियम केला: साद एकाच जागेवरून आणि एकाच माणसाने घालायची, बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवायचा. परबांना साद घालून बघायची फार हौस. त्यांनी सरावाला एक घातली. बाई म्हणाल्या, "परबांनू, ह्यो म्हशीचो आवाज." मग बाईंनी स्वतःच घातली. बांधावर सेक्टरातली माणसं ओळीने, तोंडावर हात धरून. वाट बघता बघता कुणाचा तरी पाय घसरला, पण तोही माणूस चिखलात तसाच तोंड दाबून बसला. आणि मग तिवरांतून उत्तर आलं. परबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. एका बाजूने, मग खाडीच्या अंगाने, मग काहीच नाही. परत साद, परत तेवढेच.

बाईंनी आकडा सांगितला, आणि तो किती चुकलेला असू शकतो तेही सांगितलं. परबांचा चेहरा पडला.

"एवढेच?" ते म्हणाले. "बाई, गेल्या टायमाचो आकडो बरो होतो."

बाईंच्या कामाबद्दल विद्वान मंडळी खूप काही लिहितील. परबांचं ते वाक्य मला त्या सगळ्याहून मोठं वाटतं. कोंबड्यांसाठी विष आणणारा माणूस कोल्हे कमी निघाले म्हणून हिरमुसला होता. त्यानंतर बाई आठवडाभर चारकोपला खेपा घालत होत्या. बांधाच्या कडेला कोंबडीची आतडी टाकणाऱ्या दुकानदारांना भेटून त्यांनी झाकणाचे खड्डे करून घेतले, खुराड्यांना जाळ्या लावायला लावल्या. जनावरांची संख्या सांभाळणं म्हणजे बंदूक किंवा पिंजरा, असं मला तोवर वाटायचं. बाईंचं निम्मं काम मात्र खाटकांशी गोड बोलण्यात गेलं. कोंबड्या जायच्या थांबल्या. भरावाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही, तो अजून डोक्यावर आहे. पण आता त्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही परबांची असते.

आणि ती टेप? ती बाईंनी पुसली नाही. पुढे प्राध्यापकांच्या एका मेळाव्यात निबंध वाचायचा होता, तिथे त्यांनी आधी तीच लावली. "ही आमची चूक," म्हणाल्या, "आधी ही ऐका, मग आकडा सांगते." काकांचे ते स्नेही पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजवायला सुरुवात त्यांनीच केली, हे लिहायलाच हवं.

यंदा बाईंना साठ वर्षं पूर्ण झाली आणि त्या कॉलेजातून निवृत्त होत आहेत. डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितली आहे, म्हणून गेल्या हिवाळ्यात साद सुधाकरने घातली आणि बाई बांधावर शाल पांघरून नुसत्या ऐकत होत्या. ऐकताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा चारकोपला यावं. त्या वेळी तिवरांतून एक बारीक, कच्चा, नवा आवाज आला. पिल्लू होतं. बाईंनी आमच्याकडे वळून फक्त एक बोट वर केलं.

साठीच्या लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागायची रीत आहे. मी कागदावर तसं लिहिलंही होतं, मग खोडलं. जे मोजलेलं नाही त्याचा आकडा बाईंच्या नावापुढे घालायची माझी हिंमत नाही. तेव्हा आम्ही सगळे, म्हणजे त्यांचे विद्यार्थी, बिनहजेरीचे विद्यार्थी आणि चारकोपचं अख्खं सेक्टर, एवढंच मागतो की बाईंनी जगावं, खूप जगावं, गुडघे शाबूत, कान तीक्ष्ण आणि घसा लवकर मोकळा. किती वर्षं, ते मोजायचं काम आमच्याकडे असू दे. मोजताना चुकलोच, तर या वेळी कमी मोजून चुकू.